चेहऱ्याच्या जागी कागद

भाद्रपद सरत आला की पनवेलचा उजेड बदलतो. पाऊस गेलेला नसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. दुपारी एखादी सर येते, रस्ता भिजवते, आणि तिच्या पाठोपाठ असं ऊन पडतं की ओल्या डांबरातून वाफा निघतात. आपट्याकडच्या शेतांत भात निसवायला, लोंब्या टाकायला लागलेलं असतं. कर्नाळ्याचा सुळका कुणीतरी धुऊन ठेवल्यासारखा लख्ख दिसतो. आमच्या घरी हे दिवस सणांचे. आधी नव्याचा सण, मग खिरीचा, मग दरफाळणीचा. आम्ही बेने इस्राएल. आमचं नवं वर्ष पाऊस परतीला लागला की सुरू होतं. दरफाळणी हा त्यातला मोठा उपास. अन्न नाही, पाणी नाही, पांढरे कपडे घालून दिवसभर प्रार्थना करायची आणि वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, माणसांकडे जायचं, गरिबाला काहीतरी द्यायचं. लहानपणी मला उपासापेक्षा हा शिळा सणच आवडायचा. सगळे थकलेले आणि हलके झालेले असायचे, आणि कुणी कुणाला रागवत नसे.

यंदा याच दिवसांत मी पनवेलला आले, ती एका प्रदर्शनासाठी. माझे वडील इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. आपटेकर सर म्हणून गावात सगळे त्यांना ओळखत. ते जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कुणाकुणाकडून त्यांची चित्रं गोळा केली, फ्रेम केली आणि शाळेच्याच हॉलमध्ये लावली. सगळी चित्रं कोळशाची, काळीपांढरी. पप्पांनी रंग फारसे वापरलेच नाहीत. गाठोडं घेऊन बसलेली कोळीण, सायकलला रेलून उभा पोस्टमन, पाटीवर डोकं टेकून झोपलेला हमाल. शेवटच्या भिंतीवर एकच मोठं चित्र होतं, मी दिलेलं. खाली नाव लिहिलं होतं, ‘बसलेली स्त्री’. ती स्त्री मी आहे.

चित्रांची माहिती द्यायला आर्ट कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती, ऋतुजा नावाची. पाच-सहा माणसांना घेऊन ती त्या चित्रासमोर उभी राहिली. मी मागे उभी होते.

“सरांच्या बाकीच्या चित्रांत चेहरे किती बारकाईने काढलेत ते तुम्ही बघितलंत,” ती सांगत होती. “आणि इथे चेहराच नाहीये. पांढरी साडी, मागे एवढा काळोख आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. ही बाई कुणीही असू शकते. तिची आयडेंटिटी पुसली गेलीय. पांढरी साडी आहे, म्हणजे बहुतेक विधवा असणार.”

“मुद्दाम काढला नाही म्हणतेस?” एका बाईंनी विचारलं.

“एकदम मुद्दाम. इथे जवळून बघा, खोडल्याच्या खुणा आहेत. काढलं आणि पुसलं, परत काढलं, परत पुसलं. चेहरा देण्याची ताकद होती, पण सरांनी तो नाकारला. केवढा कंट्रोल लागतो याला!”

मग ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्हाला काय वाटतं हिच्याकडे बघून?”

तिने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. ओळखणार कशावरून?

“तू सांग, मी ऐकतेय,” मी म्हटलं.

हे चित्र काढलं त्या वर्षी आमचं इस्राएलला जायचं ठरलं होतं. बेनी, माझा नवरा, उरणच्या बंदरावर नोकरीला होता. त्याचे दोन्ही भाऊ कधीच इस्राएलला गेले होते, आई-वडीलही त्यांच्याकडेच. पनवेलमध्ये आमची घरं एकेक करून बंद होत आलेली. मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटाभोवती पूर्वी दाटीवाटीने बसावं लागायचं, आता कोपराला कोपर लागत नव्हतं. आमची मुलगी तमारा दहा वर्षांची होती. तिच्या शाळेचं वर्ष, बेनीच्या भावाने बघून ठेवलेलं काम, सगळा हिशोब बघता दिवाळीनंतर निघायचं असं नक्की झालं. पप्पांना मी कितीदा म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणायचे, “आधी तुम्ही जा, बस्तान बसवा. मग बघू.” आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पप्पा वडाळे तळ्याजवळच्या त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात एकटे राहायचे आणि मी दोन गल्ल्या सोडून. रोज संध्याकाळी माझी एक फेरी असायची.

त्या फेऱ्यांमध्ये काय काय दिसत होतं ते आता आठवतं आणि ते सगळं एका ओळीत उभं राहतं. तेव्हा ते सुटं सुटं होतं. चहा ओतताना पप्पा कपाच्या काठावर बोट ठेवायचे. मी म्हटलं, पोळेल. ते म्हणाले, सवय आहे. पेपर यायचा आणि घडी न मोडता रद्दीत जायचा. “काय असतं त्यात वाचण्यासारखं!” असं म्हणायचे. रस्त्यात कुणी हाक मारली की हसून “कसं काय?” म्हणायचे, पण नाव घ्यायचे नाहीत. त्यांना तर तीस वर्षांपूर्वीच्या मुलांची नावं पाठ असायची. मला वाटलं, वय झालं. आपल्या माणसाचं वय झालं, एवढ्या एका वाक्याखाली किती गोष्टी आपण सरकवून ठेवतो!

खिरीच्या सणाला नारळाचं दूध काढून मी खीर केली, वाटीत वाढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हाताने चाचपून वाटी जवळ घेतली आणि पहिला घास घेतल्यावर म्हणाले, “गूळ छान काळा मिळालेला दिसतोय.” चवीवरून म्हणाले असतील. मी मात्र समजले, रंग बघूनच म्हणाले.

आणि दरफाळणीचा तो दिवस. सिनेगॉगमध्ये बायकांनी वर सज्जात बसायचं आणि पुरुषांनी खाली. वरून मला पप्पांची पांढरी टोपी, खांद्यावरची पांढरी शाल आणि हातातलं प्रार्थनेचं पुस्तक दिसत होतं. खाली सगळेच पांढऱ्यात. दिवस चढत गेला तसे सगळ्यांचे आवाज खाली आले, उष्म्याने पंख्यांचा वारासुद्धा गरम झाला. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी डुलक्या घेत होत्या. मी खाली बघत होते. बाकीचे पानं उलटत होते. पप्पांचं पान मात्र सकाळपासून तेच होतं. त्यांचे ओठ बरोबर हलत होते, कुठे उठायचं, कुठे वाकायचं, काही चुकत नव्हतं. लहानपणापासूनची पाठ केलेली प्रार्थना होती. मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं.

संध्याकाळी शिंग वाजलं, उपास सुटला. घरी परतताना पप्पा म्हणाले, “रूथ, उद्या शिळा सण. सकाळी जरा वेळ काढून ये. तुझं एक चित्र काढतो.”

“आता? सामान बांधायचंय, पप्पा. किती कामं पडलीयत.”

“म्हणूनच उद्या. मग वेळ नाही मिळायचा.” थोडं थांबून म्हणाले, “हीच साडी नेसून ये. पांढरी.”

मी लहान असताना पप्पा माझी खूप चित्रं काढायचे. समोर बसवायचे आणि त्यांची नजर सुरू व्हायची. माझ्यावर, कागदावर, माझ्यावर, कागदावर. शिवणयंत्राची सुई जशी खालीवर होते तशी. त्या नजरेखाली बसणं मला आवडायचं. कुणी आपल्याकडे एवढं बघत नाही. आई बघायची ती नीट जेवले का म्हणून, शिक्षक बघायचे ते अभ्यास केला का म्हणून. पप्पा नुसतं बघायचे. मी रडत असले किंवा रुसले असले तर त्यांना माझ्याआधी कळायचं. कोळशाची काडी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “आज नाही. आज तुझा चेहरा दुसरीकडे आहे.”

दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी खोलीची सगळी मांडामांड बदलली होती. वेताची खुर्ची खिडकीशी आणि तिच्यामागे आईचं काळपट सागवानी कपाट सरकवलेलं. एवढं जड कपाट एकट्याने कसं हलवलं म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, “गुलाबताईंनी हात लावला.” गुलाबताई म्हणजे पप्पांकडे स्वयंपाकाला यायच्या त्या. पळस्प्याजवळच्या गावातल्या. त्या आतून म्हणाल्या, “मास्तरनी ऐकला नाय माझा. मी सांगितला, पांढरी साडी हाय, पांढऱ्या भिंतीशी बसवा पोरीला. तर नाय म्हनले, मला मागं काळाच पायजे.”

कागद नेहमीपेक्षा खूप मोठा होता. अख्खा ताव बोर्डाला लावला होता. बाजूच्या बशीत चारकोलच्या जाड काड्या आणि पावाचा तुकडा. पप्पा खोडरबर वापरत नसत. पावाच्या आतला मऊ भाग मळून गोळी करायची आणि कागदावर दाबून उचलायची, कोळसा तिला चिकटून येतो, कागद दुखावत नाही, असं ते मुलांना शिकवायचे. आणखी एक सांगायचे. पांढरा रंग नावाचं काही आपल्याकडे नाही. पांढरं म्हणजे जिथे आपण हात लावला नाही ते.

मी बसले. पप्पांनी काडी धरली. बाहेर विमानतळाच्या बाजूला डोंगर फोडत होते, त्याचा सुरुंग मधूनच घुमायचा आणि खिडकीची काच थरथरायची. पप्पांचा हात सुरू झाला. आधी खांद्याची एक लांब रेघ, मग पाठीची. आवाजावरून कळत होतं, काडी जोरात दाबत होते. कोळसा करकरत होता. पण नजर पूर्वीसारखी नव्हती. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे, कपाटाच्या कोपऱ्याकडे बघायचे, मग कागदाकडे, आणि कागदाकडेसुद्धा मान तिरकी करून.

“पप्पा, माझ्याकडे बघा ना.”

“बघतोय.”

हलायचं नाही म्हटलं की मनात सगळं हलायला लागतं. हा खिडकीचा गज, ही आईची खुर्ची, हे दुपारचं ओलं ऊन. पुढच्या वर्षी या दिवसांत मी कुठे असेन? तिकडे वाळवंटाच्या कडेचं गाव, बेनीच्या भावाने फोटो पाठवले होते. फोटोंमध्ये आकाश एकसारखं निळं होतं, एकही ढग नव्हता. आणि पप्पा इथे, या खोलीत. माझे डोळे भरून आले. पुसायला हात उचलता येईना, कारण हात मांडीवर होते आणि ते हातच काढत असतील तर? पाणी गालावरून ओघळलं, हनुवटीवर आलं, साडीवर पडलं. मला वाटलं, आता ते काडी खाली ठेवतील. आता म्हणतील, आज नाही.

“मान जराशी वर,” पप्पा म्हणाले. “हां. अशीच.”

आणि काढत राहिले.

मी मान वर केली. माझं नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं. हुंदका दाबताना खांदे हलत होते.

“हलू नकोस गं, रूथी. खांदा हलतोय.”

त्यांना खांदा दिसत होता.

एवढं कळायला मला थोडा वेळ लागला. मग त्या बोट ठेवलेल्या कपापासून न उलटलेल्या पानापर्यंत सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं. माझं रडणं बंद झालं.

“पप्पा,” मी म्हटलं, “मी रडतेय.”

काडी थांबली.

“कधीपासून?”

“मघापासून.”

त्यांनी काडी बशीत ठेवली. हात फडक्याला पुसले, एकेक बोट नीट पुसलं. आत गुलाबताईंनी नळ बंद केला.

“किती दिसतं तुम्हाला?” मी विचारलं.

“कडा दिसतात,” ते म्हणाले. “डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, पण पूर्ण आंधळा होणार नाही. जिथे बघावं तिथे राखाडी डाग असतो. त्याच्या भोवतीचं दिसतं. चालता येतं, जिना उतरता येतो. बस कुठली ते कळत नाही, पण बस आली हे कळतं.” ते थोडंसं हसले. “तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, केस दिसतात. कपाटाकडे बघितलं तर बाजूने चेहरा येतो, पण पाण्यात पडल्यासारखा. नाक कुठे, डोळे कुठे, कळत नाही.”

“आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तुमची तिकिटं काढून झाली असती म्हणजे सांगितलं असतं.”

मला राग आला. त्या वेळी दुसरं काही यायला जागाच नव्हती. मी म्हटलं, आम्ही जात नाही, बेनीला मी सांगते, तिकडचं काम राहिलं तर राहिलं. नाहीतर तुम्ही आमच्याबरोबर चला, आत्ताच्या आत्ता, कागदपत्रं मी बघते.

“तिकडे मला काय दिसणार आहे?” पप्पा म्हणाले. “इथे मला जिन्याच्या पायऱ्या पाठ आहेत. तळ्याभोवतीचा रस्ता पाठ आहे, कुठे फरशी उचकटलीय तेसुद्धा. भाजीवाले आवाजावरून ओळखू येतात. तिथे मी तुझ्या घरातल्या खुर्चीत बसून राहणार आणि तू कामावरून धावत येणार.”

“मग आम्ही थांबतो.”

ते उठले. खिडकीशी गेले. माझ्याकडे पाठ करून बोलले.

“थांबलीस तर काय होईल सांगू? रोज संध्याकाळी तू येशील आणि रोज मला तुझ्या चेहऱ्याच्या जागी तो डाग दिसेल. हळूहळू तोच तुझा चेहरा होईल. तू लांब असलीस, तर मी डोळे मिटीन आणि तू जशी होतीस तशी दिसशील. मला तेवढं राहू दे, रूथी.”

मला पाठवण्यासाठी ते असं बोलले की खरंच त्यांना तसं वाटत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

थोड्या वेळाने ते परत बोर्डापाशी बसले. म्हणाले, बस, पुरं करू या. मी तोंड धुऊन बसले. त्यांनी मागचा काळोख भरला, अख्खी काडी आडवी धरून, तळहाताने घासून. साडीच्या घड्या रुंद पट्ट्यांनी काढल्या. पावलं काढायला जवळ आले, जमिनीवर बसले आणि मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बराच वेळ बघत राहिले. मग चेहरा. तीनदा, चारदा फिकट रेघा ओढल्या, पावाच्या गोळीने उचलल्या. पुन्हा ओढल्या, पुन्हा उचलल्या. कागदाचा तो भाग खरखरीत होऊ लागला.

“आठवून काढा ना,” मी म्हटलं. “तुम्हाला माझा चेहरा पाठ आहे.”

पप्पांनी मान हलवली. “जन्मभर पोरांना सांगितलं, दिसतं ते काढा, माहीत आहे ते काढू नका. आता स्वतःसाठी नियम बदलू?” आणि त्यांनी ती गोळी शेवटची दाबून उचलली. चेहऱ्याच्या जागी कागद राहिला.

गुलाबताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, “मास्तर, पोरीचा तोंड नाय काढला तुमी?”

“राहिलं,” पप्पा म्हणाले.

हॉलमध्ये ऋतुजा अजून बोलत होती. चित्राचा मूड, चित्राचं तंत्र, मागचा समाजाचा काळोख, एवढ्या मोठ्या कागदामागचा आत्मविश्वास. मला वाटलं, तिला सांगावं, बाई गं, ती विधवा नव्हे, दरफाळणीची साडी आहे ती. तो काळोख समाजाचा नव्हे, माझ्या आईच्या कपाटाचा आहे. काळ्यावर पांढरं ठेवलं तरच कड दिसत होती म्हणून तो आहे. कागद एवढा मोठा आहे तो आत्मविश्वासाने नव्हे, लहान कागदावर हात चुकत होता म्हणून. रेघा इतक्या जाड का, तर बारीक ओढली तर ओढणाऱ्यालाच सापडत नव्हती. आणि चेहरा कुणी नाकारला नाही. चेहरा मिळाला नाही.

पण मी बोलले नाही. तिने काही खोटं सांगितलं, असं मला वाटेना. समोर होतं तेवढ्यावरून तिने एक दुःख वाचलं आणि दुःख तर तिथे होतंच. कुणाचं, एवढंच तिने चुकवलं. चित्र काढणाऱ्याने बसलेल्या बाईचं दुःख काढलं, असं ती समजत होती. त्या बाईचं रडणं तर काढणाऱ्याला दिसलंही नव्हतं. ते कागदावर नाहीच. कागदावर आहे ती त्याची धडपड, दाबलेली काडी, घासलेला तळहात, पावाच्या गोळीखाली खरखरीत झालेला एक पंजाएवढा पांढरा तुकडा. काळ्यापांढऱ्या चित्रात लपायला जागा नसते. रंग डोळ्याला गुंतवून ठेवतात. कोळशाची रेघ मात्र हाताचा जोर जसाच्या तसा सांगते.

मग ऋतुजा खाली वाकली आणि म्हणाली, “एक गोष्ट मात्र मला सारखी छळते. हिची पावलं बघा. उजवी टाच उचललेली आहे, अंगठ्यावर भार आहे. निवांत बसलेली बाई अशी बसत नाही. ही उठायच्या बेतात आहे. म्हणजे ही बाई कुठेतरी निघालीय.”

मी तिथून बाहेर आले. शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले. एक सर येऊन गेली होती, मैदानात पाणी साचलं होतं, वरून एक विमान खाली उतरत गेलं. त्या दिवशी मी टाच उचलून बसले होते हे मला माहीत नव्हतं. पप्पांना दिसलं होतं. माझा चेहरा काय सांगत होता ते त्यांना कळलं नाही. मी थांबते थांबते म्हणत होते आणि माझं पाऊल काय म्हणत होतं, ते मात्र त्यांनी जमिनीवर बसून बघून घेतलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. बेनीचं काम लागलं, तमारा तिकडच्या शाळेत रुळली, मी वृद्धांच्या एका निवासात कामाला लागले. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना मी हाताला धरून फिरवायचे आणि संध्याकाळी पप्पांना फोन करायचे. व्हिडिओ कॉल त्यांनी कधी करू दिला नाही. “आवाज पुरे,” म्हणायचे. माझा आवाज ऐकून मी जेवले की नाही, बेनीशी भांडले की काय, बरोबर ओळखायचे. पाऊस कसा आहे विचारलं की ते मला तळ्याचं पाणी कुठवर आलं ते सांगायचे, आणि त्या कोरड्या, निळ्या आभाळाखाली मला इथला ओला वास यायचा. चित्रं त्यांनी बंद केली. बोर्ड गुलाबताईंना भाजी निवडायला दिला. दर वर्षी या दिवसांत मी सुट्टी काढून यायचे. खीर करायचे. दरफाळणीला सज्जात बसून खाली बघायचे. आता ते पुस्तक घेतच नसत, हात मांडीवर ठेवून प्रार्थना म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात, एका सकाळी, गुलाबताईंचा फोन आला. पप्पा झोपेतच गेले होते. आमच्यात माती द्यायला उशीर करत नाहीत. मी विमानात बसेपर्यंत सगळं झालं होतं.

त्याआधीच्या सणांना मी आले होते, तेव्हाचं त्यांचं शेवटचं दर्शन. शिळा सण होऊन गेला होता, माझी सुट्टी संपली होती. त्यांनी हट्टाने जिना उतरून मला खालपर्यंत सोडलं, माझी छोटी बॅगही स्वतः घेतली. रिक्षा फाटकाशी उभी होती. मी त्यांच्या गालाला गाल लावला, रिक्षात बसले. तेव्हा पप्पांनी माझ्याकडे पाठ केली नाही, पण मान वळवली. पूर्ण वळवली, शेजारच्या सोसायटीच्या भिंतीकडे, आणि तशीच ठेवली. पावसाने काळी पडलेली ती भिंत होती, तिच्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, “काका रागावलेत काय, ताई? बघत पण नाय तुमच्याकडं.”

त्याने रिक्षा सुरू केली.

“रूथ,” भिंतीकडे तोंड करून उभे असलेले पप्पा मोठ्याने म्हणाले, “ओढणी बाहेर लोंबतेय. आत घे, चाकात जाईल.”

मी ओढणी आत घेतली.